कापसाच्या खोलीत छापलेला ग्रुप फोटो

बाबा, फोटो छापला. तोच, गिरणीच्या सूतखात्याचा, ज्याच्या पायी तुमचा मोठा कॅमेरा कायमचा पेटीत गेला. चादरीएवढा छापला आणि चेहरे दिसले. हे आधीच सांगून टाकते, कारण गोष्ट रंगवत नेऊन शेवटी मुद्द्यावर येणं तुम्हाला कधी आवडलं नाही. पुलगावच्या आपल्या स्टुडिओत एखादं गिऱ्हाईक घरच्या लग्नाची कहाणी सांगत बसलं की तुम्ही शांतपणे विचारायचे, "पासपोर्ट का पोस्टकार्ड?" बिचारा मध्येच थांबायचा. आता मुद्दा सांगून झाला आहे, तेव्हा मला रंगवू द्या.

तो दिवस मला अजून लख्ख आठवतो. मी शाळेत होते आणि तुमचं काळं कापड सांभाळायचं काम माझ्याकडे होतं. पहिली पाळी सुटलेली, दुसरीची माणसं आत जायची, तिसरीची झोपेतून उठून आलेली, अशी सगळी सूतखात्याची माणसं गिरणीच्या फाटकासमोर जमली होती. शाळेतून बाकं आणली होती. मागची रांग बाकांवर उभी, मधली जमिनीवर उभी, पुढची मांडी घालून बसलेली. पाळीवरून सरळ आलेल्यांच्या केसांत कापूस तसाच. अगदी मध्यभागी खुर्चीवर, उन्हातही कोट घालून, जॉबर काका. खात्यातल्या माणसांवर त्यांचा हुकूम चालायचा, आणि फोटोची सगळी हौसही त्यांचीच. तुम्ही कापडात शिरता, बाहेर येता, कुणाची टोपी सरळ करता, पुन्हा शिरता. काका मागच्या रांगेवर ओरडत आहेत, "हालू नका बे! एकानंबी हालाचं नाई!" तुम्ही भिंगावरची टोपी काढता, मनात मोजता, टोपी परत लावता. फोटो निघेपर्यंत काकांचा आवाज चालूच होता.

मग जिन्याखालची आपली काळी खोली. त्या कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी काच असायची; ती धुऊन झाल्यावर तुम्ही माझ्या हातात दिली आणि मी मधेच अंगठा ठेवला. असे खेकसले तुम्ही माझ्यावर! "कडेनं धर! काच कडेनं धराची असते." मी रडवेली झाले. काचेवर तर काळ्या तोंडांची आणि पांढऱ्या केसांची नुसती भुतंच दिसत होती. माझं तोंड पाहून तुम्हाला दया आली असावी. घड्याळजीकडून आणलेलं डोळ्याला लावायचं भिंग तुम्ही माझ्या डोळ्याला लावलं आणि म्हणाले, "आता पाय. त्या कोपऱ्यातल्याच्या कानातली बाळीबी दिसते का नाई?" दिसली. ते भिंग तुम्ही मला देऊन टाकलं. मला वाटलं, रडू नये म्हणून दिलं. आता वाटतं, साक्षीदार हवा होता म्हणून दिलं.

काचेवरून काचेएवढाच फोटो निघायचा. तेवढंच आपल्याकडे सामान. तो घेऊन काका पानठेल्यावर उभे राहिले आणि डोळे बारीक करून पाहू लागले. ग्रुप फोटो हातात आला की माणूस आधी स्वतःला शोधतो, देव असला तरी. काकांनी स्वतःला शोधलं आणि फोटो खाली ठेवला. "हे काय होय? माया चेहराच दिसत नाई. कोनाचाच दिसत नाई. तीळ सांडल्यावानी दिसून राह्यले सारे." तुम्ही एवढंच म्हणाले, "चेहरे आहेत त्याच्यात. मोठा केला का दिसतीन." पण एवढी मोठी काच घेणारं मशीन नागपूरलाही मिळालं नाही. तिथल्या एका स्टुडिओनं मग त्या छोट्या फोटोचाच फोटो काढून मोठा केला आणि जे पाठवलं ते पिठलं होतं. काका भर चौकात म्हणाले, "कॅमेऱ्यात दम नाई अन् फोटोग्राफरातबी नाई." पाठोपाठ अख्खं पुलगाव तेच म्हणू लागलं.

मी घरी येऊन थयथयाट केला. जाऊन सांगते म्हटलं त्यांना, मी भिंगातून पाहिलंय. तुम्ही काच जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळत होते. मान वर न करता म्हणाले, "गिऱ्हाईकाशी तोंडानं भांडाचं नाई. दाखवता येत असन तं दाखवाचं, नाई तं चूप बसाचं." आणि तुम्ही चूप बसले. मोठा कॅमेरा त्या काचेसकट पेटीत गेला. पुढे लष्कराच्या डेपोतले जवान गावी पाठवायला फोटो काढून घ्यायचे, शाळेची मुलं परीक्षेच्या फॉर्मसाठी यायची, त्यावर आपलं घर चाललं आणि चांगलं चाललं. पण तुम्ही पेटीवर कधी धूळ बसू दिली नाही, हे मी पाहत होते.

तुम्ही गेल्यावर ती पेटी माझ्याबरोबर अल्लीपूरला आली. सासरी घरची शेती, मी शाळेत विज्ञान शिकवत निवृत्त झाले, आणि पेटी पलंगाखाली. ती उघडायला लागली ती मागच्या वर्षीच्या एका लग्नामुळे. पुलगावला पंगतीत जॉबर काका भेटले. नव्वदीकडे झुकले आहेत, पण आवाज तोच. मला पाहिलं आणि पंगतीला ओरडून सांगितलं, "हे पाहा, फोटोग्राफरची पोरगी! इच्या बापानं आमच्या पुऱ्या खात्याचा फोटो काढलता, अन् निंगाले काय, तं तीळ!" पंगत हसली. माझ्या हातातली जिलबी हातातच राहिली. बाबा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, गिरणीचा भोंगा थांबला, आणि या माणसाचा विनोद अजून चालूच!

मुलगा पुण्याहून आला होता. तो म्हणाला, आई, एवढ्यासाठी काय चिडतेस. त्यानं काच खिडकीच्या उजेडात धरायला लावली, मोबाइलवर तिचा फोटो काढला, काळ्याचं पांढरं केलं आणि कुठल्याशा ॲपमधून चेहरे 'साफ' करून घेतले. साफ कसले, सगळे एकाच आईच्या पोटचे दिसू लागले. एकसारखी नाकं, एकसारख्या भुवया. तरी हौसेनं काकांना दाखवायला नेलं. काकांनी मोबाइल लांब धरला. "हा कोन होय? हा तं सिनेमातला वाटते. मी नोहे हा. कम्प्युटरनं बनवलं हे सारं. आजकाल मोबाइलवर मेलेले माणसं नाचून राह्यले!" आणि मला पहिल्यांदा आयुष्यात काकांचं म्हणणं पटलं. त्यात एकही माणूस खरा नव्हता. खरी माणसं दाखवायची तर काचेतून उजेड गेला पाहिजे आणि तो कागदावर पडला पाहिजे, मध्ये कुणाची लुडबुड नको. तेवढं मोठं मशीन मिळत नाही, तर आपण करू. दाखवता येत असेल तर दाखवायचं, असं तुम्हीच सांगून ठेवलं होतं.

मशीन म्हणजे तुमचा कॅमेराच, फक्त उलटा चालवलेला. बाहेरचा उजेड आत घ्यायच्या ऐवजी आतला बाहेर फेकायचा. मागची धूसर काच काढली, तिच्या जागी तुमची काच बसवली. तिच्या मागे सुताराकडून जुन्या दाराच्या फळ्यांची पेटी करून घेतली, तिला आतून चुना दिला, आणि छताला लावतात तो चौकोनी एलईडी दिवा आत बसवला. दुकानांच्या पाट्या करणाऱ्याकडून दुधी ॲक्रिलिकचा तुकडा आणून मध्ये लावला, म्हणजे उजेड सगळीकडे सारखा. कॅमेऱ्याचा भाता ठिकठिकाणी विरला होता. छत्र्या दुरुस्त करणाऱ्यानं त्याला काळ्या कापडाची ठिगळं इतकी सुबक लावून दिली की तुम्ही असता तर त्याला बसवून चहा पाजला असता. भिंग मात्र तुमचंच ठेवलं. ज्या काचेतून ती माणसं आत गेली, त्याच काचेतून बाहेर यावीत असा माझा हट्ट होता.

राहिली काळी खोली. आमच्याकडे कापूस भरायची खोली आहे, खिडकी नाही, झरोका नाही. भाव बरा येईपर्यंत कापूस तिथं आढ्यापर्यंत रचलेला असतो. दार लावलं की भर दुपारी डोळ्यात बोट घातलं तरी दिसत नाही. आमच्या घरच्यांनी, म्हणजे तुमच्या जावयांनी, मिशीतल्या मिशीत हसून करार केला, "कापूस गेला का खोली तुही. नवा आला का कापसाची. मंग मले म्हनू नोको." फाल्गुनात कापूस गेला आणि मी पदर खोचला. भिंतीवर पत्रा ठोकला, जुन्या स्पीकरमधली लोहचुंबकं काढली, मागवलेला फोटोचा कागद त्यांनीच पत्र्याला चिकटवायचा. एवढा मोठा कागद धुवायला ट्रे कुठून आणणार? शेतात पाण्याचा जाडा पाइप पडला होता, तो उभा चिरून घेतला, दोन्ही टोकांना बुचं लावली आणि पन्हाळी तयार झाल्या. एकीत चित्र उठवणारा डेव्हलपर, एकीत पाणी, एकीत ते पक्कं करणारा हायपो. कागद चटईसारखा गुंडाळत सोडवत एका पन्हाळीतून दुसरीत न्यायचा. शेवटच्या धुण्याला कूलरची टाकी, पाणी फिरवायला कूलरचाच पंप. ऊन तापलं होतं, पण डेव्हलपरच्या बाटल्या मी माठात बुडवून ठेवल्या, त्यामुळे तो थंडगार. घरचे आठ दिवस कूलरविना घामाघूम झाले. "माह्या सासऱ्याचा फोटो होय म्हनून," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत त्यांनी उपकार मोजून घेतले.

आणि पहिला फोटो साफ बिघडला. तांबड्या दिव्याखाली नीट कळलं नाही, पण बाहेर अंगणात आणून पाहते तर सगळ्यांच्या तोंडावर पांढऱ्या अळ्या! डोळ्यांवर, नाकांवर, आभाळात, फाटकावर. मी डोकं धरून बसले. दिवा तपासला, हायपो बदलला, पुन्हा छापला, पुन्हा अळ्या. आमचे घरचे वाकून पाहत राहिले आणि म्हणाले, "अवो, हा तं कापूस होय." खरंच की! पिढ्यान्‌पिढ्या जिथं कापूस भरला, तिथल्या भेगाभेगांतून तंतू उडत होते आणि उजेड पडताना काचेवर नि कागदावर येऊन बसत होते. जगात अंधार शोधायला निघाले आणि नेमकी कापसाची खोली धरली. विज्ञान शिकवलं म्हणे मी! वर घरच्यांचं चालूच, "सूतखात्याचेच माणसं होय ना? पाळी सुटल्यावर असेच तं दिसत असन. देऊन टाक असाच."

मग मी ती खोली अशी धुतली की दिवाळीलाही कधी धुतली नसेल. भिंती पुसल्या, भेगा लिंपल्या, जमीन सारवली, चारी बाजूंनी ओल्या चादरी टांगल्या, म्हणजे उडेल ते त्यांना चिकटेल. सुती साडी बंद. गिरणीच्या गावचं हे माहेरचं लेणं बाजूला ठेवून नायलॉनचा गाऊन घातला आणि घरच्यांना उंबऱ्याच्या आत बंदी केली. मग पुन्हा दिवा लावला. पुन्हा मोजलं, तुमच्यासारखं, ओठ न हलवता. कागद पन्हाळीत सोडला. बाबा, आधी फाटक आलं. मग टोप्या. मग मिशा, मग डोळे, आणि मग एकदम सगळेच, जणू भोंगा झाल्यावर फाटकातून बाहेर पडावेत तसे. कोपऱ्यातल्याच्या कानात बाळी. एकाच्या सदऱ्याचं बटण तुटलेलं, तिथं टाचणी. एका पोरसवद्या कामगाराला हसू आवरत नाही, त्यानं गाल आतून चावून धरलाय. मी अंधारात एकटी उभी राहून मोठ्यानं ओरडले, "आहेत! आहेत!" बाहेर घरच्यांना वाटलं विंचू चावला.

फोटो गुंडाळून पाइपाच्या उरलेल्या तुकड्यात घातला आणि एसटीनं पुलगावला नेला. कंडक्टर म्हणाला, "बाई, पान्याची मोटार कुठी आहे? नुसता पाइप घेऊन काय करता?" मी म्हटलं, "सूतखातं आहे आत, पुरं." त्यानं पाइपाचंही तिकीट फाडलं. संध्याकाळी गल्ली ओट्यांवर येऊन बसते त्या वेळी काकांच्या अंगणात पोचले. दोघांना धरायला लावून फोटो भिंतीला उलगडला. काका काठी टेकत आले. मग एकेका चेहऱ्याजवळ जाऊन नाव घ्यायला लागले. नाव घ्यायचे आणि थांबायचे, कारण बहुतेक आता नाहीत. गल्लीतली माणसं पुढे सरकली. कुणी म्हणालं, हे माझे आजोबा. एक बाई नुसती एका चेहऱ्यासमोर उभी राहून पदर तोंडाशी धरून रडायला लागली. काका एका भुवईवर बोट ठेवून थांबले. तिथं कापूस होता. माझा नव्हे, मी केलेल्या प्रत्येक प्रतीत तो त्याच जागी आहे, म्हणजे काचेतलाच. "पहिल्या पाळीवाला," काका म्हणाले. "तोंड न धुता येऊन बसलता. कम्प्युटरले हे कुठून समजन? हे खरं होय, बाई. हे आमीच होय."

मग ते मधल्या खुर्चीकडे वळले. कोट होता. कोटाची गुंडी होती. खिशातल्या पेनची टोपीसुद्धा होती. पण वर चेहऱ्याच्या जागी दोन नाकं, तीन डोळे आणि मधोमध उघडं तोंड, मागे वळताना पुसटलेलं. अख्ख्या खात्यात तेवढा एकच चेहरा हललेला. काका चष्मा पुसून पुन्हा पाहू लागले. तेवढ्यात ओट्यावरून काकू उठल्या, फोटोला नाक लावून पाहिलं आणि टाळी वाजवून म्हणाल्या, "हाललात तुमी! सारे दगडावानी उभे अन् तुमीच हाललात! नाचता येयेना अन् आंगन वाकडं! त्या बिचाऱ्याले किती वर्सं नावं ठेवलीत!" अंगणात असा हशा पिकला की समोरच्या गल्लीतली माणसं धावत आली.

काकाही हसले, अगदी कवळी हातात काढून घेईपर्यंत. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "तुह्या बापानं भिंगातून पाह्यलंच असन हे."

"पाहिलं असेल, काका."

"मंग बोल्ला काऊन नाई मले?"

मी म्हटलं, "गिऱ्हाईकाशी तोंडानं भांडायचं नाही, असं म्हणायचे."

काका काठीवर हनुवटी टेकवून बसले. "बोल्ला असता तं साऱ्या खात्यानं मले हासलं असतं. माया रुबाब गेला असता. त्यानं सोताचा जाऊ देल्ला." मग एकदम काठी आपटून रस्त्यावरून जाणाऱ्या एकाला हाक मारली, "ये इकडे! जॉबर कसा हालला ते पाय. अन् फोटोग्राफर कसा पक्का होता तेबी पाय!" तेव्हापासून तो फोटो त्यांच्या ओसरीत आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला ते स्वतः आपलं दोन नाकांचं तोंड दाखवतात आणि तुमचं नाव घेतात, मोठ्यानं, मानानं. पुलगावात आता तुमच्या कॅमेऱ्यात दम होता. बाबा, जिंकलो आपण.

हे लिहून कुठं पाठवायचं नाही ते बरंच आहे. पाठवायचं असतं तर पुढचं मी लिहिलं नसतं. काकांचा चेहरा हललाय हे मला अंगणात नाही कळलं. ते पन्हाळीतच कळलं होतं, "आहेत! आहेत!" ओरडून झाल्यावर लगेच. आपल्या हातून काही हललं नाही ना, म्हणून आणखी एक प्रत काढून खात्री करून घेतली आणि अंधारात पोट धरून हसले. मधल्या खुर्चीवर हाताची सावली धरून तेवढा चेहरा फिकट, न कळेसा करता येतो. ते मला येतं, तुम्हीच शिकवलंय, आणि तुम्ही असता तर नक्की तेच केलं असतं. मी काय केलं माहीत आहे? बाकीच्या फोटोवर पुठ्ठा धरला आणि मधल्या खुर्चीला जरा जास्त उजेड दिला, दोन्ही नाकं ठळक उठावीत म्हणून.

मजा आली, बाबा. फार मजा आली.